पाववाल्या बाईचा प्रश्न

मनोहर चिंतलवारांना काहीही विचारा, उत्तर म्हणून उलटा प्रश्नच यायचा. ‘नाना, सरकी आहे का?’ म्हटलं की ‘गायीसाठी पायजे का म्हशीसाठी?’ ‘नाना, तब्येत काय म्हणते?’ म्हटलं की ‘काऊन, कोणी काही सांगतलं का?’ हिंगणघाटला बदली होऊन आले तेव्हा सुरुवातीला मी या माणसावर मनातल्या मनात चिडून असायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. प्रश्न आपण विचारायचे आणि समोरच्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, याची सवय झालेली. इथे रोज मीच दूध आणायला जाताना रस्त्यात उभी राहून उत्तरं देत होते.

नानांचं गुरांच्या खाद्याचं, सरकी-ढेपेचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यांचे पणजोबा व्यापारासाठी तेलंगणाकडून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात अजून चिंचेचं सार होतं, बोलणं मात्र पक्कं वऱ्हाडी. दुकानाच्या मागे गोदाम होतं आणि गोदामाची एक खिडकी नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. ढेपेचा वास माझ्या वरणाला लागतो अशी माझी तक्रार होती. ती मी एकदा नानांना बोलून दाखवली, तर म्हणाले, ‘वरणात हिंग टाकता का जिरं?’ यापुढे बोलण्यात काय अर्थ होता.

एका रविवारी दुपारी मी फोडणी करत होते. दुकान बंद होतं, पण गोदामातून नानांचा आवाज आला. खणखणीत आवाजात ते विचारत होते, ‘भुवईवाली आगबोटीवर चढली तवा तिच्या हातात काय होतं?’ मग एका बाईचा आवाज, ‘पिंजरा. रिकामा.’ आणि नाना म्हणाले, ‘बरोबर.’

आता सांगा, असं ऐकल्यावर कोण स्वयंपाक करत बसेल? कोण भुवईवाली, कसली आगबोट आणि पिंजरा रिकामा का? मी गॅस बंद केला आणि तशीच ओल्या हातानं गोदामात गेले. भोचकपणा माझ्या अंगातच आहे, तो मी कधी लपवलेला नाही.

आत ढेपेच्या पोत्यांवर सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या ऐसपैस बसलेल्या. नाना एकटे भिंतीशी उभे. उंच, सडपातळ, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पांढरा सदरा. उजव्या हाताची मूठ तोंडापाशी धरलेली. मला वाटलं खोकला झाला असेल. पण नाही, तिथं नाना बोलायला लागले की ती मूठ आपोआप तोंडापाशी जायची आणि बोलणं संपलं की खाली यायची. असं का, ते कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

खेळ होता जुन्या इंग्रजी सिनेमांचा. काळ्या-पांढऱ्या, परदेशातल्या, ज्यांतले नटनट्या केव्हाच मातीत गेल्या अशा सिनेमांचा. हिंगणघाटात, सरकीच्या गोदामात, कापसावर पोट असलेले लोक बसून हॉलिवूडच्या नट्यांच्या हातात काय होतं ते एकमेकांना विचारत होते. मी जी पोत्यावर बसले ती बसलेच.

नियम मला कमलबाईंनी सांगितले. कमलबाई म्हणजे मघाचा तो पिंजऱ्याचा आवाज. मोठ्या चौकापलीकडे त्यांची बेकरी आहे. दिवाळीच्या आधी गावातल्या बाया कणीक, तूप, साखर घरून घेऊन तिथं नानकटाई भाजून घ्यायला रांग लावतात, तीच. साठी केव्हाच ओलांडलेली, मनगटांवर भट्टीचे जुने चटके आणि हसू असं की दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसाला कळावं कमलबाई हसल्या. त्या म्हणाल्या, इथं नट-नट्यांचं नाव घ्यायचं नाही, मोबाइल काढायचा नाही आणि ज्याला विचारलं त्यानंच बोलायचं. ‘इचारल्याबिगर सांगाचं नाई,’ हा सगळ्यात कडक नियम. ज्याची सगळ्यात जास्त उत्तरं बरोबर त्याला कमलबाईंच्या बेकरीतल्या टोस्टचा पुडा मिळायचा.

नावं न घेण्याचं कारण साधं होतं. ती नावं कोणाला म्हणताच यायची नाहीत. त्यामुळे गावानं आपली नावं ठेवली होती. उंच्या, भुवईवाली, हातमोजेवाली, रडका मेजर. होमिओपॅथीचे एक डॉक्टर नागपूरला राहून आलेले, त्यांना खरी नावं तोंडपाठ. त्यांनी पहिल्याच दिवशी भुवईवालीचं अख्खं नाव आडनावासकट घेतलं, तर सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं जणू त्यांनी कोणाच्या घरची सून एकेरीत पुकारली. दंड म्हणून त्यांना सगळ्यांसाठी चहा करावा लागला. पुढे डॉक्टर इतके सुधारले की दवाखान्यातही भुवईवालीच म्हणायचे.

नानांचे प्रश्नही जगावेगळे. हा सिनेमा कोणी काढला, बक्षीस कोणाला मिळालं, हे ते विचारतच नसत. ते हातांचं विचारत. उंच्यानं दार कोणत्या हातानं उघडलं? हातमोजेवालीनं हातमोजा कोणासाठी काढला आणि कोणासाठी नाही? रडका मेजर रडताना रुमाल खिशातून काढतो की बाहीतून? पहिल्यांदा माझ्यावर पाळी आली तेव्हा मी विचारलेल्या प्रसंगाचा सगळा आशय सांगितला, संवादांसकट. तो सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिलेला होता. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते झालं मॅडम, पण चमचा कोणाच्या हातात होता?’ मला काय माहीत चमच्याचं? मी तर त्यांचं बोलणं ऐकत होते.

ही हातांची सवय त्यांना गोदामाबाहेरही होती. ‘आज पिशवी डाव्या हातात काऊन?’ असं त्यांनी मला विचारलं त्या दिवशी माझा उजवा खांदा खरोखर दुखत होता. एका लग्नात त्यांनी नवरदेवाकडे पाहून मला हळूच विचारलं, ‘याची अंगठी कोणी एवढी सैल घेतली?’ पुढे आख्खं लग्न मी त्या पोराच्या बोटाकडे पाहत काढलं. जेवणात काय होतं, आठवत नाही.

पण स्वतः काही सांगायची वेळ आली की हा माणूस मिटायचा. गोष्ट म्हणून नाही, गावातली बातमी म्हणून नाही, काहीच सांगायचा नाही. मी एकदा छेडलं, की नाना, एवढे सिनेमे तुमच्या डोक्यात, एखाद्याची गोष्ट तरी सांगा. त्यावर त्यांनी मला त्यांच्या आयुष्यातलं बहुधा एकमेव सरळ उत्तर दिलं. ‘सांगण्यात लफडं होते, मॅडम. इचारण्यात काय होते?’

याचं मूळ मला डॉक्टरांनी सांगितलं. नाना तरुण असताना गावातल्या टॉकीजमध्ये दर रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. गावोगाव फिरून झिजलेली रिळं नागपूरहून रेल्वेनं पत्र्याच्या डब्यांतून यायची. सिनेमा लोकांना आवडे, पण समजत काही नसे. म्हणून मालकानं नानांना पडद्याच्या बाजूला माइक देऊन उभं केलं. पडद्यावर जे चालेल ते नानांनी वऱ्हाडीत सांगायचं. लोक सिनेमाला येत त्यापेक्षा जास्त नानांना ऐकायला येत. एकदा म्हणे एका सिनेमात नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर कितीतरी वेळ नुसतेच बोलत बसले. नाना माइकवर म्हणाले, ‘हे आता वावराच्या वाटणीचं बोलून राह्यले.’ थोड्या वेळानं नवऱ्यानं बायकोला गोळी घातली. नाना म्हणाले, ‘पाह्यलं? वाटणी.’ सगळं टॉकीज हळहळलं. त्या सिनेमात वावराचा उल्लेखसुद्धा नाही, हे डॉक्टरांना फार नंतर कळलं.

तेव्हा मला ती तोंडापाशी धरलेली मूठ समजली. माइक गेला होता, पण हाताला ते ठाऊक नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दर रविवारी खेळ संपत आला की कमलबाई पदर सारखा करत म्हणायच्या, ‘नाना, त्या पाववाल्या बाईचं इचारा ना.’ आणि दर रविवारी नाना घड्याळाकडे पाहून म्हणायचे, ‘किती वाजले हो डॉक्टर?’ झालं, खेळ संपला. सुरुवातीला माझं लक्ष गेलं नाही. मग लक्ष गेलं आणि मग माझी झोप उडायची वेळ आली. पाववाली बाई कोण? बाकी सगळ्या सिनेमांचे प्रश्न होतात, हिचाच का होत नाही?

मी एकेकाला गाठून विचारलं. ती गोष्ट गोदामातल्या सगळ्यांना पाठ होती. एक बाई असते, तिच्या कोटाला केसाळ कॉलर. मोठं घर, नवरा श्रीमंत, आवाज कधी चढवत नाही, पण बाई त्याच्यासमोर चहाचा कप धरते तेव्हा कप बशीवर वाजतो. एक दिवस ती बॅग भरून गाडीत बसते. वाटेत एका जंक्शनवर बाकावर बसून राहते. समोरून घराकडे परत जाणारी गाडी येते. आता ही जाते की काय असं वाटतं, पण नाही जात. ती केस कापते, दुसऱ्या गावी जाते आणि पावाचं दुकान टाकते. शेवटी दुकानाच्या दारात पिठाच्या हातांनी उभी राहून हसते. समाप्त.

डॉक्टरांनी केसाळ कॉलर आणि जंक्शन यांवरून तो सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला. मी एका बैठकीत पाहिला. सगळं जसंच्या तसं होतं, वाजणारा कपसुद्धा. पण शेवटी बाई परतीच्या गाडीत बसते. घरी जाते. नवरा दार उघडतो, तिच्या हातातली बॅग काढून घेतो, कपाटावर ठेवतो आणि संगीत वाजतं. पावाचं दुकान कुठेच नाही. मी पुन्हा मागे नेऊन पाहिलं. नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मी नानांना म्हटलं, पाहिला तो सिनेमा, ती बाई परत जाते, दुकान कुठून आलं? नानांनी हातातलं सरकीचं माप खाली ठेवलं. विचारलं, ‘पक्कं वापस जाते?’ मी म्हटलं, पक्कं. तर हा माणूस गल्ल्यामागे मटकन बसला. इतक्या वर्षांत त्यांना मी बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा प्रश्न न विचारता, सलग. त्या रविवारी शेवटचा डबा बदलला होता, हे त्यांना मागाहून कळलं. नागपूरच्या स्टेशनवर दोन सिनेमांचे डबे शेजारी ठेवलेले, हमालानं दुसऱ्याच सिनेमाचा शेवटचा डबा हिंगणघाटच्या गाडीत टाकला. ऑपरेटरनं न पाहता मशीनवर चढवला. जंक्शनवर बाई बाकावरून उठते, परतीची गाडी येते, आणि एकदम पडद्यावर वेगळीच बाई, आखूड केस, पावाच्या दुकानात उभी. टॉकीज खच्चून भरलेलं. नानांच्या हातात माइक. काहीतरी बोलणं भाग होतं.

‘मी म्हटलं, ते गाडीत बसलीच नाई. तिनं केस कापले अन् दुकान टाकलं,’ नाना म्हणाले. ‘लोकाईनं मानलं. फक्त बायांच्या बाजूनं एक बाई जोऱ्यानं हासली. मले वाटलं, आता मेलो, इले समजलं. पण बाकी कोणी काई बोललं नाई.’

मी विचारलं, पण तुम्हाला इंग्रजी येत होतं तर लगेच लक्षात आलं असेल ना डबा बदलल्याचं? नानांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. ‘मी मॅट्रिकले इंग्रजीतच नापास झालतो, मॅडम.’

एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती गंमत होती. पण त्या आठवड्यात कमल, तेव्हाची विशीतली कमल, माहेरपणाला आलेली होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सासर नागपूरचं. त्या रविवारी तिनं तो सिनेमा पाहिला. दोन-तीन दिवसांनी भावानं तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. ती वाटेतच सिंदीला उतरली आणि उलट्या गाडीनं परत आली. का आलीस म्हणून सगळे धावले, तर म्हणाली, सिनेमातली बाई गेली नाही, मीही जात नाही. मारून पाहिलं, समजावून पाहिलं, सासरचे येऊन ओरडून गेले. ती काही गेली नाही. पुढच्या रविवारी तिचा भाऊ भर खेळात उठून ओरडला की या माणसाच्या सिनेमानं माझ्या बहिणीचा संसार मोडला. नानांनी माइक पडद्याखाली ठेवला आणि बाहेर आले. पुन्हा म्हणून हातात घेतला नाही.

कमल आधी दुसऱ्याच्या भट्टीवर राबली, मग तिनं स्वतःची टाकली. मूल नाही, दुसरं लग्न नाही. नाना म्हणाले, ‘तिनं अख्खा जलम त्या बाईच्या भरोशावर काढला, मॅडम. अन् तुमी म्हणता ते बाई वापस गेलती.’

मग ते म्हणाले की काहीही करा, पण कमलबाईंना तो सिनेमा दिसू देऊ नका. मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण आमचे डॉक्टर तोपर्यंत बेकरीतून टोस्ट आणायला गेले होते आणि टोस्टसोबत त्यांनी सगळी बातमी तिथं देऊन टाकली होती, की पाववाल्या बाईचा सिनेमा सापडला. कमलबाईंनी तिथल्या तिथं ठरवलं. येत्या रविवारी गोदामात सगळ्यांनी पाहायचा.

तो आठवडा नानांनी कसा काढला, मला माहीत आहे, कारण माझी खिडकी समोरच होती. गिऱ्हाइकाला ते प्रश्न विचारेनासे झाले. सरकी मागितली की सरकी देत. एका शेतकऱ्यानं तर मला विचारलं, नाना आजारी आहेत का? शनिवारी ते माझ्या दारात आले आणि डॉक्टरांचं सिनेमा दाखवायचं मशीन बिघडू शकतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आपोआप नाही बिघडत. ते म्हणाले, बरं. पायरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्यांना तेव्हा मी घरात बोलावून चहा द्यायला हवा होता. मलाही वाईट वाटत होतं आणि खरं सांगते, काय होतं ते पाहायचंही होतं.

रविवारी गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. भिंतीवर चादर. डॉक्टरांनी मशीन लावलं. कमलबाई सगळ्यांत पुढच्या पोत्यावर, नवी साडी नेसून. नाना मागे दाराशी, म्हणजे बाहेर पडायला बरं. सिनेमा चालू झाला. कप वाजला तेव्हा सगळे ‘हे पाहा, हे पाहा’ म्हणाले. जंक्शन आलं. बाई बाकावर बसली. मी पडद्याकडे पाहतच नव्हते, मी कमलबाईंच्या मानेकडे पाहत होते. गाडी आली. बाई चढली. नवऱ्यानं दार उघडलं, बॅग घेतली, कपाटावर ठेवली. संगीत वाजलं आणि संपलं.

मग मागून एक आजोबा म्हणाले, ‘दुकान कापलं वाट्टे.’ लगेच दुसरे म्हणाले, इंटरनेटवाले असंच करतात, अर्धं अर्धं दाखवतात. तिसऱ्या बाई म्हणाल्या, दुकानाचाच तर सिनेमा होता, तेच कापलं म्हणजे काय राहिलं? चर्चा जोरात सुरू झाली. आमच्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं जगानं कापलं, यावर सगळ्यांचं एकमत होत आलं. डॉक्टर समजावून सांगायला उठले, तर नानांनी हात वर करून त्यांना बसवलं.

नाना पोत्यांमधून वाट काढत पुढे आले. चादरीच्या बाजूला, जिथं बहुधा टॉकीजमध्ये उभे राहत असतील तिथं उभे राहिले. मूठ तोंडापाशी गेली. मग त्यांनी ती खाली घेतली.

‘कमल,’ ते म्हणाले. इतकी वर्षं त्या सगळ्यांसाठी कमलबाई होत्या. ‘कमल, तू सिंदीले काऊन उतरली?’

कमलबाईंनी मोठा श्वास सोडला. ‘इचारलं बाप्पा, एकदाचं.’

आणि त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत, खेळातलं उत्तर द्यावं तसं सांगितलं.

‘ते पाववाली बाई मी आंधीच पाह्यलती. नागपूरले. लगन झाल्यावर नवऱ्यानं नेलतं. तथी एक गंमत झाली अन् मी हासली. त यानं अंधारात दंडाले असा चिमटा काढला का रगत निंगालं. बाईनं असं हासते का म्हणे. मंग मी पूरा पिच्चर तोंडावर पदर धरून पाह्यला.’ त्यांनी डाव्या दंडावर हात ठेवला. ‘अन् इथी तुमी त्याच बाईले आणलं अन् या गाडीवालीले चिकटवलं. केस कापले म्हणे. मले हासू आलं, नाना. आवरेच ना. जोऱ्यानं हासली अन् मंग दंड आखडून बसली. घडीभर तशीच बसून राह्यली. कोणीच चिमटा काढला नाई.’

नानांनी फक्त विचारलं, ‘ते हासणारी तू होती?’

‘मंग कोण?’ कमलबाई म्हणाल्या. ‘गाडीत बसल्यावर तेच आठोलं. सिंदी आली, उतरली. त्या बाईचं त्या बाईपाशी. ते वापस गेली का नाई गेली, मले जाचं नवतं.’

मग सिनेमाचं नाव कशाला घेतलं, असं नानांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता. कमलबाई म्हणाल्या, चिमट्यासाठी उतरले म्हटलं असतं तर भावानं पुढच्याच गाडीत बसवून दिलं असतं. चिमटा काय, सगळेच नवरे काढतात, असं आईच म्हणाली असती. सिनेमानं डोकं फिरलं म्हटलं, तर सगळे सिनेमाला शिव्या देत बसले आणि डोकं फिरलेल्या बाईला सासरचे ठेवायलाही तयार होईनात. मग त्या म्हणाल्या, ‘शिव्या तुमाले बसल्या, ह्याचं मले लय वाईट वाटे. म्हणून त दर रविवारी म्हणो, त्या बाईचं इचारा. आपल्या खेळात इचारल्याबिगर सांगता येत नाई.’

मला त्या क्षणी नानांचा राग आला, नियमाचा राग आला, कमलबाईंचाही आला. एका प्रश्नासाठी दोघं माणसं इतकी वर्षं एकाच गोदामात समोरासमोर बसली. एक विचारायला घाबरत होता आणि दुसरी विचारण्याची वाट पाहत होती. नियम मोडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? माझे डोळे भरून आले होते, आणि तो काही ढेपेचा भुसा नव्हता.

नाना म्हणाले, ‘बरोबर.’ कोपऱ्यातला टोस्टचा पुडा उचलला आणि कमलबाईंच्या हातात दिला.

‘माहेच टोस्ट मले देऊन राह्यले,’ कमलबाई म्हणाल्या आणि हसल्या. ते त्यांचं दोन गल्ल्यांपलीकडे जाणारं हसू. गोदामाच्या पत्र्यावर आपटून परत आलं. मागचे आजोबा अजून विचारत होते की मग दुकान कापलं की नाही कापलं, पण त्यांना उत्तर द्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले आणि वर्ध्याला आमच्या घरी राहायला आले. सामानाचा टेम्पो निघाला तो रविवारच होता. ड्रायव्हर दोऱ्या आवळत होता आणि मी रिकाम्या स्वयंपाकघरात खिडकी लावायला गेले होते. समोर गोदामात खेळ संपला होता, बाकी मंडळी गेलेली. कमलबाई पोत्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर, दुसऱ्या पोत्यावर, नाना बसलेले. होय, बसलेले. कमलबाईंनी काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. नानांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, उलटा प्रश्न केला नाही. दोन्ही हात हवेत नेऊन ते सांगायला लागले. हात एकदा उंच गेले, मग दार उघडल्यासारखे झाले, मग काहीतरी मोठं, गोल, डोक्यावर उचलल्यासारखे. कुठला सिनेमा होता, कुठली बाई होती, आणि डोक्यावर काय उचललं होतं, हे जाणून घ्यायला मी फार उत्सुक होते. खिडकी जराशी उघडी ठेवून मी कान लावला, पण तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि कमलबाई मोठ्यानं हसल्या.